जामीनदाराची कवळी

पांडेसरा, सुरत
१२ जून २०२३

ती. सौ. शोभाताईस,
योगराजचा शि. सा. न.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. मोठा फोन गायत्रीला कॉलेजच्या अभ्यासासाठी दिला आणि माझ्या बटणाच्या फोनचं रिचार्ज बंद केलं. तिच्या फोनवर तुझ्याशी बोलायला बसलो तर माय फोन हातात येऊच देत नाही. म्हणून हे अंतर्देशीय.

फेब्रुवारीत गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली बाई ती हीच का, असा प्रश्न पडावा अशी माय आता चालते. रिक्षाचे दहा रुपये वाचवायला उधन्याच्या भाजीबाजारात पायी जाते आणि स्वस्त मिळाली म्हणून पाच किलो वांगी घेऊन येते. आज वांग्यांचा नववा दिवस.

या महिन्यापासून पतपेढीचा हप्ता सुरू झाला. दाजी जामीन राहिले म्हणून ऑपरेशनला कर्ज मिळालं. दोन वर्षांत त्यांच्या दारात वसुलीचा माणूस एकदाही उभा राहता कामा नये, म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी घरात बैठक घेतली. प्रत्येकाने एकेक गोष्ट सोडायची ठरलं. मी चहा सोडला. सुषमाने साड्यांची भिशी सोडली. गायत्रीने डुमसच्या किनाऱ्यावरची भजी सोडली. मायने कारली सोडली. ती कारली कधीच खात नव्हती, असं मी म्हणालो. त्यावर तिने सांगितलं की आजवर नुसती खात नव्हती, आता सोडलीत.

चहा सोडल्यापासून मिलमध्ये माझं रोज कोणाशी तरी वाजतं. बाकी ठीक.

दाजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे, कपातीच्या यादीत तो नाही.

तुझा
योगराज


दोंडाईचा
२४ जून २०२३

चि. योगराजास,
अनेक आशीर्वाद.

पोस्टमन आपली पत्रं घरी न देता दुकानात देतो, हे तुला ठाऊक आहेच. यांनी शिलाई मशीन थांबवून तुझं पत्र सगळ्या गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवलं. दोघांनी वांग्याच्या वेगळ्या कृती सांगितल्या, त्या मागच्या बाजूला लिहिल्या आहेत.

तुमची बैठक ऐकून यांनाही चेव आला. जामीनदारानेही काही सोडायला हवं म्हणाले आणि केसांना कलप लावणं सोडलं. पांढरे केस दिसायला आठवडाही लागला नाही. परवा नंदुरबारच्या बसमध्ये कंडक्टरने यांना आपण होऊन ज्येष्ठ नागरिकांचं अर्धं तिकीट देऊ केलं. यांचं वय छप्पन्न. यांनी रागाने पूर्ण तिकीट काढलं आणि पुढच्याच थांब्यावर उतरून चालत घरी आले. एकूण हिशेब तोट्याचा झाला, पण ते मी बोलून दाखवलं नाही.

तू चहा पुन्हा सुरू कर. ज्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास होणार नाही असं काहीतरी सोड. सुषमाला सांग, मायला बाजारात जाताना जेमतेम पैसे द्यावेत.

जपून राहा. आठवण ठेव, आणि ती अडीच रुपयांच्या पत्रात मावेल एवढीच नको.

तुझी
शोभाताई


पांडेसरा, सुरत
३ सप्टेंबर २०२३

ती. सौ. शोभाताईस,
शि. सा. न.

तुझं ऐकून चहा सुरू केला आणि न्हावी सोडला. केस सुषमाने कापले. ते बरे जमले म्हणून तिने मिशीला हात घातला. डावी बाजू जरा आखूड झाली म्हणून उजवी कापली, मग उजवी आखूड झाली. असं करत शेवटी मिशी संपली.

आमच्या मिलच्या गेटवर आता चेहरा पाहून हजेरी लावणारं मशीन आहे. त्याने मला ओळखलं नाही. गेटवरचा माणूस अकरा वर्षांच्या ओळखीचा. त्याने मला नावाने हाक मारली, मायच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि मशीन ओळखत नाही तोवर आत सोडता येणार नाही असंही सांगितलं. अर्धा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी मी कापडावर नंबर टाकायच्या पेनने मिशी काढून गेलो. मशीनने लगेच ओळखलं. पण ती शाई रंगाच्या उकळत्या पाण्यात टिकावी म्हणून बनवलेली असते. आज सहावा दिवस. मिशी निळी दिसते आणि धुतल्यावर चमकते.

आता खरं कारण. मंदीमुळे मिल आठवड्यातून दोन दिवस बंद आहे. या महिन्याचा हप्ता माझ्याच्याने भरला गेला नाही. पुढच्या महिन्यात दोन्ही भरतो. ताई, दाजींना यातलं काही कळू देऊ नकोस. त्यांना तोंड दाखवायला मला लाज वाटेल.

माझ्यावर रागावू नकोस, एवढंच मागतो.

तुझा
योगराज


दोंडाईचा
१५ सप्टेंबर २०२३

चि. योगराजास,
आशीर्वाद.

पत्रं दुकानात येतात हे तू विसरलास. दाजींना कळू देऊ नकोस, हे वाक्य दाजींनीच वाचलं, आणि तेही मोठ्याने. निळ्या मिशीपर्यंत दुकान हसत होतं. मग यांनी पत्राची घडी करून खिशात घातली. गिऱ्हाइकंही उठली. एकाने मापाचा ब्लाउज न घेताच घर गाठलं.

दुपारी हे पतपेढीत जाऊन हप्ता भरून आले. पैसे कुठून आणले ते सांगेनात. संध्याकाळी दाताच्या डॉक्टरकडचा मुलगा विचारायला आला की माप द्यायला का आला नाहीत, तेव्हा मला कळलं. कवळीसाठी वर्षभर साठवत होते. मी बोलले, तर म्हणाले की शिंप्याला दात लागतात ते दोरा तोडायला, आणि त्यासाठी कात्री आहे. भाकरी दुधात कुस्करून खातात. मऊ छान लागते म्हणतात.

तू लाजू नकोस आणि पुन्हा लपवू नकोस. मिशी वाढव.

तुझी
शोभाताई


पांडेसरा, सुरत
२८ नोव्हेंबर २०२३

ती. सौ. शोभाताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र गायत्रीने वाचलं तेव्हा माय ऐकत होती. त्यानंतर दोन दिवस ती खाटेवरून उठली नाही. चांगले धडधाकट गुडघे घेऊन बसून राहिली. म्हणाली की दुखत होते तेच बरं होतं, जावयाचे दात तरी राहिले असते. आम्ही खूप समजावलं. मला त्या दोन दिवसांत तिचं बाजारात जाणं, वांगी आणणं, सगळं हवंसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती घरात नव्हती. आम्ही शोधून दमलो. दुपारी डोक्यावर गाठोडं घेऊन आली. उधन्याच्या एका व्यापाऱ्याकडून साड्यांना खडे चिकटवायचं काम आणलं होतं. त्याचं गोदाम चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. बाकीच्या बायका खालूनच परतल्या, ही वर गेली. आता चाळीतल्या चौदा बायका तिच्या हाताखाली खडे लावतात. एक खडा वाकडा असला तर साडी परत. मला त्या सगळ्या कलाबाईंचा मुलगा म्हणून ओळखतात.

आमच्या मिलमधला शालिग्राम गावी येतोय. त्याच्या हाती मायच्या कमाईचं पाकीट दिलंय.

दाजी, पत्र तुम्हीच वाचत असणार, म्हणून पुढचं तुम्हाला. जावयाला दात बसवा असं सासूने तोंडावर सांगणं बरं दिसत नाही, असं माय म्हणते. म्हणून ती सांगत नाही. पण पाकिटातले पैसे हप्त्यात घातलेत, तर ती दोंडाईच्याला चालत येणार आहे. दाजी, ती येईल.

सर्वांचा लोभ दुकानासकट कळवावा.

आपला
योगराज


दोंडाईचा
२० जून २०२५

चि. योगराजास,
अनेक आशीर्वाद.

काल हे पतपेढीत जाऊन कर्ज फिटल्याचा दाखला घेऊन आले. नवा सदरा घालून गेले होते. साहेबांनी चहा पाजला, सगळे हप्ते भरले म्हणून कौतुक केलं. परत यायला मात्र तीन तास लागले.

झालं असं की तिथे बाकावर आपल्या गल्लीतल्या बळीरामची धाकटी सून बसली होती, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन. नवरा आजारी, तिला पिठाची गिरणी टाकायची आहे. चार वेळा येऊन गेली, पण जामीन मिळेना. यांनी तिचे कागद वाचले, मोठ्यानेच वाचले असणार, आणि सही करून आले.

मी दोन वेळा जेवणाचं ताट समोर आदळलं. यांनी मायच्या पैशांच्या कवळीने कडक भाकरी चावून खाल्ली. आज सकाळी मी स्वतः तिच्याकडे गेले. दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात, असं ठरवून गेले होते. तिने बसायला खुर्ची दिली आणि मशीन कुठे ठेवणार, पट्टा कोणता, ज्वारीचं दळण आणि गव्हाचं दळण वेगळं कसं राखणार, हे सगळं खडूने जमिनीवर काढून दाखवलं. दरवाजा लहान पडेल, एवढंच मी बोलले. तो मोठा करायचा ठरलाय.

पुढच्या महिन्याच्या शेवटच्या बुधवारी गिरणी सुरू होते आहे. पहिलं दळण आपलं आहे. तू सगळ्यांना घेऊन ये, मायला आधी बसव गाडीत.

भेटीत बोलूच, तोवर इतकंच.

तुझी
शोभाताई