कोरी सोडलेली वेळ

मंगळवार, संध्याकाळ. परभणी.

मानवाधिकार कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणातून आत्ताच आलो. जिल्ह्याच्या नेटवर्कची समन्वयक म्हणून पेडगावच्या सुनीताला निवडलं. जिला अर्ज लिहायला मी शिकवलं, ती. प्रशिक्षण घ्यायला आलेल्या पुण्याच्या मॅडमना तिचं बोलणं लय आवडलं म्हणे. मी दहावी नापास, वीस वर्षं कायद्याची पुस्तकं स्वतःच्या हिकमतीवर वाचली. ते कुणी विचारलं नाही.

दुपारी तिनं एक अर्ज पुढं केला. एका मजुराला आज चौकशीला म्हणून ठाण्यात नेलंय, त्याच्यासाठी. "काका, नजर टाका की."

नेल्याची वेळच नव्हती. जागा कोरी. नेल्यापासून चोवीस तासांत पोलिसांनी कोर्टापुढं उभं करायचं असतं; वेळच नसेल तर ते तास कुठून मोजणार? मला दिसलं, तरी "बरा आहे" म्हणालो. का? उद्या सगळ्यांसमोर तिची चूक निघावी म्हणून, दुसरं काय. माणूस आत बसलाय आणि मी असा.

घरी आल्यावरही ती कोरी जागा डोळ्यांपुढून हलेना. शेवटी सुनीताला फोन केला, वेळ राहिलीय म्हणालो.

"मुद्दाम सोडलीय काका. शेजारचे सकाळी सहाला नेलं म्हणायलेत, पण नेताना त्याची माय दारात व्हती. तिलाच इचारायला जायलेय, एसटीत हाय. ऐकीव वेळ लिहायची न्हाई, तुमीच सांगितलंय की."

सांगितलंय. आणि गेल्या महिन्यात मीच एका अर्जात ऐकीव वेळ लिहून मोकळा झालो. तिला ते माहीत नाही.

"जपून जा," म्हणालो. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.