डॉक्टरांनी न सांगितलेली उशी

३ फेब्रुवारी १९७६, मंगळ.

मान तशीच. शाळा सुटल्यावर डॉ.कडे गेले. वह्या तपासताना कशी बसता, म्हणाले. बसून दाखवलं. हसले. 'उशाला काय घेता?' म्हटलं, आमच्याकडे सगळेच चादरीची घडी घेतात. 'तीही काढा. थोडे दिवस सपाट झोपा. उशी अजिबात नको.'

बरं म्हटलं आणि तिथून निघून थेट गादीवाल्याच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिले! आत गेले नाही, पण उभी राहिले.

दिवाळीत पुण्याला ताईकडे फोमच्या उशीवर झोपले, तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. या घरात कुणी स्वतःपुरतं म्हणून काही आणत नाही. आणलं तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. चांगलंच आहे ते. पण मला उशी हवी.

५ फेब्रु., गुरु.

आणली.

दुकानात गादीवाल्या चाचांनी तीन दाखवल्या. साध्या कापसाची दगडासारखी. शेवरीची इतकी मऊ की डोकं तळाला जातं. तिसरी फोमच्या तुकड्यांची, मुंबईचा माल. तोंडाला नाडी. नाडी सोडायची, नको तेवढं काढायचं, कमी पडलं तर भरायचं. मान नीट टेकते, खाली दबत नाही. हीच, म्हटलं.

तर चाचा म्हणतात, 'बाई, कैसे सोते तुम? सीधे, के बाजू पे?'

शेजारी सहावीतल्या एका मुलीचे वडील गादीचं कापड बघत उभे! नुकताच नमस्कार करून झाला होता त्यांचा. मी काहीतरी पुटपुटले. 'जोर से बोलो बाई. बाजू पे सोयगे तो ज्यादा भरना पडता.' कुशीवर, म्हटलं एकदाचं. 'कौनसे बाजू?' धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या गृहस्थांनी कापडात तोंड घातलं होतं, सज्जन माणूस.

घरी सासूबाई, अव्वा, दारातच. 'काय आणलीस गं विजी?' मी विचार न करता म्हणाले, 'डॉक्टरांनी सांगितली आहे. मणक्याला आधार पाहिजे म्हणाले.'

अव्वांनी ती दोन्ही हातांनी घेतली. 'यव्वा! दिंबु सांगितला म्हंजे दुखणं मोठं हाय की.' त्यांच्या माहेरी, अक्कलकोटकडे, आजारी माणसालाच दिंबु, म्हणजे उशी, देतात. बाकी सगळे हातावर नाहीतर चादरीवर झोपतात. मला हे ठाऊक नव्हतं. आता कळलं, तरी खरं सांगितलं नाही.

७ फेब्रु., शनि.

फार उंच होती. पेज पाजायला उठवलेल्या माणसासारखी झोपले होते. सकाळी दोन मुठी काढून खुंटीवरच्या पिशवीत ठेवल्या. आता छान. खरंच छान! मान दुखते, पण उशीवर दुखते.

शाळेत मुली हसत होत्या. वेणीत फोमचा पिवळा तुकडा. मुख्याध्यापिका बाईंनी स्वतः काढून दिला. 'घरी काही कार्य आहे का?' म्हणाल्या. अक्षता वाटली असावी.

९ फेब्रु., सोम.

अव्वा सिद्धेश्वराला जाऊन आल्या. अंगारा लावला, मानेला, सासू म्हणून नाही, आईसारखा. मग सांगितलं, 'बोलून आलेय. तुझी मान सरळ होईस्तोवर मी उशाला काय बी घेणार न्हाई.'

मी म्हटलं, 'अव्वा, असं कशाला?'

'तुला कुणी इचारलंय? माझं आन् त्याचं हाय ते.'

जेवण गेलं नाही. हे म्हणाले, दुखतंय का फार? मी मान हलवली. त्याचा अर्थ त्यांनी काय तो घेतला.

१० फेब्रु., मंगळ.

अव्वांनी पाणी भरलं. मला कळशीला हात लावू दिला नाही. शेजारच्या काकूंना सांगत होत्या, 'आमच्या सूनबाईचा मणका सरकाय लागलाय. नोकरी करती, घर करती, लेकरू थकलंय.' काकूंनी लगेच शेवग्याच्या शेंगा पाठवल्या. मणक्याला चांगल्या असतात म्हणे. खाल्ल्या. चोरून खाल्ल्यासारख्या लागल्या.

अव्वा नुसत्या सतरंजीवर सपाट झोपतात. म्हणजे डॉ.चं औषध बरोब्बर चाललंय, फक्त चुकीच्या माणसाला.

१३ फेब्रु., शुक्र.

अव्वांना हाक मारली तर नुसतं डोकं वळवत नाहीत, सगळ्या अंगाने वळतात. आखडली आहे मान. विचारलं तर म्हणतात, 'म्हातारपण हाय गं.'

आता पुरे. उद्या सांगते, बरी झाले म्हणून. नवस सुटेल.

१४ फेब्रु., शनि.

सांगितलं. 'अव्वा, बरी आहे आता मान.' काय आनंद झाला त्यांना! सोमवारी खोबरं-साखर वाटायची म्हणाल्या. आणि पुढे म्हणाल्या, 'मग तो दिंबु कुणाला तरी देऊन टाकू. दुखण्यातली वस्तू घरात ठेवू न्हाई.'

आणि मी म्हणाले, 'सकाळी उठल्यावर थोडी दुखते अजून.'

हे मीच म्हणाले, माझ्याच तोंडाने. त्यांची आखडलेली मान समोर दिसत असताना. मुलींना नीतीचे धडे देते मी. थू.

अव्वा लगेच म्हणाल्या, 'मग ऱ्हाऊ दे, घाई न्हाई.'

१७ फेब्रु., मंगळ.

आता खरीच दुखते. डावा खांदा, कानापर्यंत. उशी पुन्हा उंच वाटते. मी मूठभर काढते, दुसऱ्या दिवशी तेवढीच फुगते. फोमला हवा लागत असेल. चाचांना विचारायला हवं, पण त्या दुकानात पाय टाकवत नाही.

१८ फेब्रु., बुध.

फळ्यावर हात वर जाईना. मधल्या सुट्टीतच घरी आले.

अव्वा जमिनीवर बसलेल्या. मांडीवर उशी, नाडी सोडलेली. खुंटीवरची पिशवी शेजारी. मी काढून ठेवलेले तुकडे परत आत दाबून भरत होत्या. हात कोपरापर्यंत आत.

मला बघून रागावल्याच. 'डॉक्टरनं दिल्यालं कमी का करतीस गं? औषध बी पुरं घ्यावं लागतंय. अशानं कशी बरी व्हशील?'

रोज भरत होत्या. मी शाळेत गेले की.

आधी हसू फुटलं मला, मग रडू. उंबऱ्यावरच बसले. 'डॉक्टर उशी नको म्हणाले होते, अव्वा. मला हवी होती. म्हणून आणली.'

त्यांनी हात बाहेर काढला. हाताला चिकटलेले तुकडे एकेक वेचले. मग म्हणाल्या, 'मग मी देवाला काय बोलून आले?'

म्हटलं, 'आता तरी उशाला चादर घ्या.'

'तुझी मान दुखतीय का न्हाई?'

'दुखते.'

'खरं?'

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. मी जे सांगेन ते खरंच असायचं. शरमेनं तोंड वर करवेना.

'खरं, अव्वा.'

'मग कशी घेऊ?' नाडी बांधून चुलीकडे गेल्या.

२० फेब्रु., शुक्र.

परवापासून सपाट झोपते. अव्वाही. आमच्यात कामापुरतं बोलणं. मीठ दे. दार लाव. पाणी मात्र अजून त्याच भरतात, कळशी हातातून घेतात, बोलत नाहीत. दोन शब्द लावले असते तर परवडलं असतं.

ह्यांना मी काही सांगितलेलं नाही. अव्वांनी सांगितलं असेल असं धरून दोन दिवस वाट बघत होते, कधी विचारतात.

आज जेवताना विचारलं. 'उशी कुठं गेली? डॉक्टरांनी दिलेली ना ती?'

आता सांगायचंच, म्हणून तोंड उघडलं.

अव्वा भाकरी थापत होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, 'डॉक्टरनंच आता नगं म्हणून सांगितलंय. तू जेव.'

हे जेवले. मी तोंड मिटलं. भाकरीवरून पाण्याचा हात फिरवून त्यांनी ती उलटली. माझ्याकडे पाहिलं नाही.

सोमवारी त्या देवळात जाणार आहेत. मी येऊ का, विचारायचंय. अजून विचारलेलं नाही.