साडेसहा इंचांचा खिसा

प्रिय मेहुणेबुवा,

तुम्हाला वडीलकीच्या नात्याने आशीर्वाद, सासूबाईंना वाकून नमस्कार, आणि त्यांच्या खुब्याच्या हाडाला माझ्यातर्फे विनंती की आता मनावर घे आणि जुळ. त्यांना वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जाता येतं का, जेवण जातं का, आणि शेजारणीच्या सुनेविषयी बोलायला लागल्या का (हे सुरू झालं की प्रकृती सुधारली असं समजावं), ते सविस्तर कळवा. माझं बरं आहे. म्हणजे खरं सांगायचं तर बरं नाही. तुमची ताई आईचं करायला तुमच्याकडे आल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. मशीनवर बसतो, उठतो, दारापर्यंत जाऊन उगाच बाहेर बघतो, परत बसतो. परवा एका वकिलाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. वकील अंगात घालेपर्यंत दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्यात माझा बटणांचा फोन गेला. एका पँटच्या खिशात राहिला आणि मी पँटला मन लावून इस्त्री केली. पँट उत्तम झाली. मग ठरवलं, आता घ्यायचाच तर समोरच्याचं तोंड दिसणारा घ्यावा. कारण नुसत्या आवाजावर माझा विश्वास राहिलेला नाही. तुमच्या ताईला कसं आहे विचारलं की ती म्हणते मजेत आहे, आणि ती मजेत आहे म्हणाली की मला घोर लागतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात असताना ही बाई एकदाही मजेत नव्हती.

तुमचं सल्ल्याचं पत्र मिळालं. त्यातलं रॅम, प्रोसेसर वगैरे मी दोनदा वाचलं आणि इस्त्रीच्या टेबलाचा पाय डुगडुगत होता, त्याखाली ते पत्र घडी करून ठेवलं (टेबल आता हलत नाही, आभारी आहे). माझी गरज साधी आहे. फोन यावा, फोन जावा, सकाळी गजर व्हावा, सुई पडली तर शोधायला उजेड मिळावा आणि तुमच्या ताईचं तोंड दिसावं. हे मी फोनच्या दुकानातल्या बाईंना सांगितलं, तर त्यांनी आधी तीन डोळ्यांचा एक महागडा नग काढला. तो म्हणे बोट लावलं की उघडतो. माझी बोटं सुयांनी टोचून टोचून अशी झाली आहेत की त्याने मला ओळख दिली नाही. मग म्हणाल्या, चेहरा दाखवा, तरी उघडेल. चेहरा दाखवला. पण माझ्या तोंडात सवयीप्रमाणे टाचण्या होत्या. बाईंनी टाचण्या काढायला सांगितल्या, काढल्या, तर त्यात म्हणे मी टाचण्यांसकट नोंदला गेलो होतो. (थांबा, नव्या फोनचं चार्जिंग किती झालं बघून येतो.)

निम्मं झालंय. तर शेवटी बाई म्हणाल्या, तुम्हाला साधाच पुरेल, स्वस्तातला आहे, बॅटरी दोन दिवस टिकते, पण उद्या येईल. मी विचारलं, केवढा असतो? म्हणाल्या, साडेसहा इंच. आता आमच्या धंद्यात खिशाचं एकच माप सांगितलं तर ती त्याच्या तोंडाची रुंदी. एवढा रुंद फोन असतो का, असं तुम्ही म्हणाल. माझ्याही मनात आलं. पण हलकं कापड नेहमी पन्ह्याला, म्हणजे रुंदीला, मोठं असतं, तसाच हलका फोनही असेल, असं मी स्वतःला समजावलं, आणि रिकामं बसवत नव्हतं म्हणून घरी येऊन माझ्या सगळ्या शर्टांचे खिसे उसवून साडेसहाचे लावले. खिसा बटणपट्टीपासून निघतो तो थेट काखेत जातो.

दुसऱ्या दिवशी तो शर्ट घालून फोन आणायला गेलो. फोन खिशात टाकला तो आडवा होऊन काखेकडे गेला, आणि मी भर दुकानात स्वतःच्याच शर्टात हात घालून त्याला धुंडाळत राहिलो. बाईंनी हसू दाबत खुलासा केला की फोनचं माप या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, तिरकं घेतात. मी म्हटलं, आमच्यात तिरकी फक्त उरेब पट्टी कापतात, आणि तीही गिऱ्हाइकाला आधी सांगून. आता शर्ट तसेच आहेत. पुन्हा उसवायचा धीर नाही, कारण वकिलाची बाही आधी उसवायची आहे.

एकंदरीत फोन साधा, चांगला आणि माझ्या बेतातला आहे. काळजीचं काही कारण नाही. तुम्ही रजा वगैरे काढू नये, ऑफिस सांभाळावं. तुमची ताई सगळं निभावून नेईल.

आपला, एका बाहीत अडकलेला,
भावोजी

ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच चार्जिंग पूर्ण झालं, म्हणून तसाच तुमच्या ताईला फोन लावला. प्रथम मला अर्धा तास तुमचं छत दिसलं (अर्धा तास नसेल, पण वाटला तेवढा). मग ती दिसली. माझा खिसा बघून हसली. म्हणाली, "मी मजेत आहे. तुमचं सांगा." मी खिशाचं सांगितलं.

ता. क. २. फोन स्वस्तातला, चित्र धूसर, पण शिवण मला दिसते. तिने निळा ड्रेस घातला होता. तो मी शिवलाय. त्याची खांद्याची शिवण खांद्यावर असायला हवी, ती दंडावर उतरली आहे. मेहुणेबुवा, तुमची ताई अर्धी झाली आहे आणि तुम्ही रोज तिच्यासमोर बसून जेवता. सासूबाईंना रात्री कुशीवर कोण वळवतं, हे मी विचारत नाही, मला कळलं. वर रजा काढू नका असं लिहिलंय ते खोडलं असं समजा. दिवसाचं तुम्ही बघा, रात्रीचं मी बघतो. वकिलाचा कोट देऊन रविवारी निघतोय. हे फोनवर सांगता आलं असतं, पण ऑफिसात तुम्ही फोन उचलत नाही, घरी तो तिच्या हातात असतो आणि ती नको म्हणेल. तिला झोपू द्या, एवढीच विनंती.

ता. क. ३. मी आलो की ती म्हणेल, ड्रेस बाजूने जरा आत घेऊन द्या. मी देणार नाही. ड्रेसचं माप बरोबर आहे.