चर्चच्या कपड्यांतलं दुखणं

मिल्वॉकी, ९ फेब्रुवारी १९९४

ती. वर्नेलमावशीस,
सा. न. वि. वि.

बातमी अशी की तू आजी होणार. नाचू नकोस, गुडघे सांभाळ. आमचे डॉक्टर काही नाचले नाहीत. सिकलसेलसारखा रक्ताचा आजार असलेल्या बाईने त्यांना न विचारता हा उद्योग केला, याचा त्यांना रागच आला. पोटात बाळ असलं की हाडांतलं दुखणं जास्त वेळा उठतं, आणि ते दोघांच्याही जिवावर बेतू शकतं, असं त्यांनी सांगितलं. क्लिफर्डचं रक्त चांगलं आहे, म्हणून बाळाला माझा आजार होणार नाही. सध्या स्वयंपाक या नवऱ्याकडेच आहे. बाळ आत्तापासूनच नाराज असणार.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी,
रोशेल

मेकन, १७ फेब्रुवारी १९९४

चि. रोशेल हिस,
अ. उ. आ.

नाचले! गुडघ्यांना विचारलं नाही. चर्चमध्ये कुणाला सांगितलेलं नाही, फक्त तिघींना. त्या तिघी बाकीचं बघतील.

आता नीट ऐक. दुखणं उठलं की घरच्या कपड्यांत दवाखान्यात पळायचं नाही. चर्चचा पोशाख घालायचा, केस नीट बसवायचे, ओठांना लाली लावायची. आवाज हळू ठेवायचा, बोलताना मॅडम, सर म्हणायचं. काळी बाई गबाळी आली आणि तिने दुखण्याचं औषध नाव घेऊन मागितलं, की ती नशेबाज ठरते. तुझी आई गेल्यापासून तुला मी तशीच न्यायची, आणि तुला खाट मिळायची. क्लिफर्डला सांग, कोलार्डच्या पालेभाजीला शिजू दे जरा, ती पळून जात नाही.

देवाचा आणि माझा, दोघांचाही आशीर्वाद.
मावशी

मिल्वॉकी, २ जून १९९४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

दुखणं उठलं. तू सांगितलंस तसं केलं. मला वाकता येईना, म्हणून मोजे क्लिफर्डने चढवले. लाली मी लावली, तीही सरळ. नर्सने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, किती छान दिसताय, फारसं दुखत असेल असं वाटत नाही. दुपार टळेपर्यंत बाकावर बसवलं आणि डोकेदुखीची गोळी देऊन घरी पाठवलं.

पुढच्या खेपेला गाऊनवरच गेले, मोठ्याने रडत. तर डॉक्टरांनी क्लिफर्डला बाजूला घेऊन विचारलं की ही रोज काय काय घेते. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी आमची गत.

मावशी, मला भीती वाटते. दुखण्याची नाही, त्याची माझी जुनी ओळख आहे. बाळाला काही झालं आणि मी सांगूनही कुणी ऐकलं नाही, तर काय करू?

तुझी,
रोशेल

मेकन, ८ जून १९९४

चि. रोशेल हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून रडले आणि मग चिडले. चिडल्यावर बरं वाटलं. महिनाअखेरच्या बसचं तिकीट काढलंय. तू हवं ते घाल, हवं तेवढं ओरड. तुझ्या बाजूच्या बाकावर मी बसेन, आणि माझं ऐकायला लागतं हे तुला ठाऊक आहे.

तोवर जपून राहा.
मावशी

मिल्वॉकी, २१ जून १९९४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या भाचीला मुलगी झाली. पोरीने तुझ्या बसची वाट पाहिली नाही. आम्ही दोघी जिवंत आहोत.

छातीत दुखायला लागलं, श्वास पुरेना. हे मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा बसा म्हणाले. मग कुणीतरी सहज बोटाला तो यंत्राचा चिमटा लावला, रक्तातल्या प्राणवायूचा आकडा खाली गेलेला दिसला, आणि सगळे धावले. माझ्या तोंडाला जमलं नाही ते बोटाने केलं. लगेच ऑपरेशन करून बाळ बाहेर काढलं.

मुलगी इवलीशी आहे, काचेच्या पेटीत असते. मला चाकांच्या खुर्चीत बसवून तिथे नेतात. ती नुसती कुरकुरली तरी दोन नर्स धावत येतात. खरंच दुखतंय का, असं तिला कुणी विचारत नाही. रडतेय म्हणजे काहीतरी होतंय, असं धरूनच चालतात.

मूल किती वर्षांचं होईपर्यंत असं धरतात, मावशी? तू मला वाढवलंस, तुला आठवत असेल.

लोभ आहेच, तो आता दोघींत वाटून दे.
तुझी,
रोशेल