आईंनी खुडलेल्या कळ्यांविषयी

शिंगवांगदादांस,

तुमच्या धाकट्या बहिणीचा, सुमेइचा, नवरा देशुन याचा यांग्चौहून वाकून नमस्कार. (वाकलो खरा, पण माझी कंबर हल्ली वाकते तशी उठत नाही, तेव्हा पुढचं सगळं पत्र त्याच अवस्थेत लिहिलं आहे असं समजून वाचा.) तुमचा खोकला कसा आहे? वहिनींचा गुडघा? डुकरीण व्याली का? आई इथे सुखरूप आहेत. भूक उत्तम, झोप उत्तम, आणि आवाज तर इतका उत्तम की गल्लीच्या टोकाचा न्हावी आता घड्याळ बघत नाही, आईंचा आवाज आला की दुकान उघडतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढची तक्रार वाचून त्यांना इथे काही कमी पडतंय असं तुम्हाला वाटायला नको. फोनवरच बोललो असतो, पण तुमच्या गावचा दुकानदार शेजारी उभा राहून सगळं ऐकतो आणि मधे मधे स्वतःचं मतही देतो.

तर माझ्या पिओनीच्या फुलझाडाची गोष्ट. तुम्ही ती ऐकलेली आहे, पण दर वेळी जेवताना ऐकल्यामुळे तुमचं लक्ष मांसाच्या गोळ्यांकडे होतं, म्हणून पुन्हा सांगतो. हमामखान्यात मी जन्मभर लोकांच्या पायांची कुरूपं काढली. त्यातल्या एका म्हाताऱ्या माळ्याने खूश होऊन मला पिओनीच्या मुळाचा एक तुकडा दिला. पांढरी, भरगच्च पाकळ्यांची, आणि मुख्य म्हणजे सुवासाची जात. मी तो परसात लावला. पहिल्या वसंतात पानं आली. दुसऱ्या वसंतात पानं आली. तिसऱ्या वसंतात तर इतकी पानं आली की शेजारचे थानसाहेब भिंतीवरून डोकावून म्हणाले, "देशुनभाऊ, यंदा कोबी झकास आलाय हो!" (हे थानसाहेब धान्य कचेरीतून निवृत्त झालेत, पण रुबाब अजून कामावर जातो. त्यांची पिओनी लालभडक, परातीएवढी, आणि वास शून्य. नाक आत घातलं तर फक्त खताचा दरवळ येतो.) शेवटी कळलं की मी मूळ फार खोल पुरलं होतं. गेल्या शरदात काढून दोनच बोटं खोल लावलं, आणि यंदा, दादा, कळ्या! टपोऱ्या, गुळगुळीत, मुंग्या चढलेल्या (मुंग्यांनीच कळी उलगडते म्हणतात). सुमेइ मुंग्या झटकायला फडकं घेऊन आली तेव्हा मी तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. (शेवटचंही. तिने त्या दिवशी मला नुसता भात वाढला.)

आता तुम्हाला आमचं गाव माहीत आहे. पिओनीच्या दिवसांत इथे माणसं एकमेकांची तब्येत विचारत नाहीत, फुलं विचारतात. ज्याच्या घरी चांगलं फूल उमलतं त्याने गल्लीला चहाला बोलवायचं, हा रिवाजच. मी तीन वर्षं दुसऱ्यांचा चहा पिऊन माना डोलावल्या होत्या. तेव्हा कळ्या मऊ पडल्याबरोबर रविवारचं आमंत्रण घरोघर देऊन आलो. थानसाहेबांना मुद्दाम बजावलं, "नाक घेऊन या." एका फुलावर माझी इतक्या वर्षांची अब्रू टांगलेली होती.

शुक्रवारी आई आल्या. हातपाय धुण्याआधी मी त्यांना झाड दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, जीभ टाळ्याला लावून "च्च च्च" केलं आणि माझ्याकडे फार कणवेने पाहिलं. मला वाटलं, भारावल्या. शनिवारी सकाळी मी बाजारात गेलो, मिठातला हंस घेतला, सारण भरलेले बाव वाफवून द्यायला सांगितले, आणि शीळ घालत घरी आलो तर आई उंबऱ्यात बसलेल्या, ओटीत माझ्या सगळ्या कळ्या.

"घ्या जावईबापू, तुमचं काम उरकून टाकलं," त्या म्हणाल्या. "किती हो उशीर केलात! एव्हाना खुडून महिना व्हायला हवा होता. पण असू दे, आता बघा मुळं कशी मनगटाएवढी होतात."

दादा, तुम्हाला काय सांगायचं? तुमच्या मुलखात पिओनी लावतात ती मुळासाठी. मुळं सोलून, उकडून, वाळवून वैद्याकडे जातात, आणि कळी दिसली की खुडायची, कारण फूल म्हणजे मुळाच्या तोंडचा घास. आईंनी जन्मभर तेच केलं, आणि लेकीच्या घरी आल्या आल्या, प्रवासाने पाय सुजलेले असताना, जावयाची आळशी शेती सावरून दिली. अशा बाईला काय बोलणार? मी "फार कष्ट घेतलेत" म्हणालो, परसात गेलो, त्या बोडक्या झाडासमोर उकिडवा बसलो, आणि खरं सांगतो, रडलो. सुमेइ चुलीपाशी तोंडात बाही कोंबून हसत होती. आमंत्रण रद्द करू या म्हणालो तर म्हणते, "हंस काय फुलाची वाट बघत बसलाय? बोलावलंय ना? मग वाढा."

आईंना काही वाया गेलेलं खपत नाही. कळ्याही औषधी असतील म्हणून त्यांनी त्या माझ्या पाय शेकायच्या लाकडी घंगाळात टाकल्या, वर कढत पाणी ओतलं, आणि ते सोसवेल इतकं कोमट झाल्यावर पाय सोडून बसल्या. (हे घंगाळ मला निवृत्तीच्या वेळी हमामखान्याने दिलेलं. गल्लीतल्या निम्म्या पायांनी त्यात विसावा घेतलेला आहे, थानसाहेबांच्या हट्टी डाव्या पायानेसुद्धा.) मग पाय पुसून झोपल्या. घंगाळ पुढच्या खोलीत तसंच राहिलं, कारण ते उचलायला माझ्यात जीव नव्हता.

रविवारी मला वासाने जाग आली. आधी वाटलं, सुमेइने नवा साबण काढला. पुढच्या खोलीत गेलो आणि दारातच थांबलो. उशिरा खुडल्यामुळे कळ्या पिकल्या होत्या, आणि ऊबदार पाणी मिळाल्यावर एकूण एक उमलल्या होत्या. घंगाळात पाणी दिसत नव्हतं, नुसती पांढरी फुलं. माफीचं भाषण मी पाठ केलं होतं, ते बोलायला कुणी जागाच ठेवली नाही. आला तो वाकला. उठला तो पुन्हा रांगेत उभा राहिला. थानसाहेबांनी नाक आत घातलं, बराच वेळ बाहेर काढलं नाही, आणि वर आले तेव्हा डोळे ओले. दुसरा चहा झाल्यावर मी त्यांना घंगाळाची ओळख करून दिली. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे यात थोडा माझाही वाटा आहे." त्या क्षणी मला तो माणूस आवडला. मी इतका आनंदात होतो की त्यांच्या बिनवासाच्या पिओनीलाही चांगलं म्हणालो.

आई मात्र जेवत नव्हत्या. घंगाळाशेजारी स्टुलावर बसून होत्या. मी बाव घेऊन गेलो तर त्यांनी हळू आवाजात (हो, हळू आवाजात, सुमेइही चमकली) विचारलं, "जावईबापू, हे असं असतं होय?" कुणाच्या बांधावर चुकून उमललेलं एखादं लांबून पाहिलं असेल, म्हणाल्या, जवळ बसून कधीच नाही. मग फुलावरून बोट फिरवत म्हणाल्या, "इतकी वर्षं मी काय खुडत होते, ते मला कुणी सांगितलंच नाही बघा." मी नुसता बाव पुढे केला.

असो. पण झालं ते चांगलं झालं म्हणून आईंचा अपराध लहान होत नाही. तरी कृपा करून लवकर या आणि त्यांना घेऊन जा. वहिनींना नमस्कार, डुकरिणीला शुभेच्छा.

तुमचा,
फांग देशुन

ता. क. घेऊन जा असं लिहिलं ते पुरुषाने थोडा ताठा ठेवावा म्हणून. येऊ नका. शरदात आई माझं झाड काढून त्याचे तुकडे करून गल्लीत वाटणार आहेत, आणि थानसाहेबांनी पहिला तुकडा मागितला आहे. (भिंतीवरून नाही, दारातून येऊन.)

आणखी ता. क. खरं काम हे: पुढच्या वसंतात तुमच्या शेतातली एक ओळ खुडू नका. विहिरीकडची, घराच्या दारातून दिसते ती. मुळं बारीक होतील, तुम्ही चिडाल, वैद्य कमी भाव देईल, सगळं कबूल. तरी एक ओळ सोडा. आई स्वतः हे कधी मागणार नाहीत.

शेवटचं ता. क. ओळ सोडायची कल्पना माझीच, म्हणजे जावयाचीच, आहे, असं वहिनींना सांगा. एवढं वाक्य आईंनी शेजारी बसून लिहून घेतलं आहे.