ओट्यावर वाजलेली कॅसेट

अल खोर,
दि. १२ फेब्रुवारी १९८४

तीर्थरूप अक्कास,
धोंडीरामचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे आखातात खुशाल आहे. थंडी बरी पडली, तू विणलेला स्वेटर कामी आला. पाण्याचा टँकर अजून मीच चालवतो. तुझ्या भावजयीच्या, सत्यभामेच्या पत्रातून कळलं, की दिवाळीपासून तू आमच्या घरी पाऊल टाकलं नाहीस. त्याबद्दल पुढे लिहितोच. आधी इथली एक गोष्ट ऐक.

आमच्या गाड्यांत वायरलेस आहे. ऑफिसात बसून नसरुद्दीन नावाचा माणूस कुठे जायचं ते सांगतो. सहा महिन्यांत मी त्याला एकदाही पाहिलं नव्हतं, पण शिव्या रोज घातल्या. तोही काही कमी नाही. मी त्याचा बाप काढला, तर त्याने माझं अख्खं खानदान! तोंड दिसत नाही म्हटल्यावर जिभेला कसलं आलंय हाड?

परवा वाळूच्या वादळात टँकर रुतला. तेव्हाही वायरलेसवर आम्ही भांडलोच. दुपारी एक जीप आली. उतरला तो पिकल्या दाढीचा, लंगडणारा म्हातारा. डोळे वाळूने लालभडक. म्हणाला, "धोंडीराम? पहले पानी पियो, भाई." आवाज तोच! अक्का, मी थक्क झालो. एक शिवी आठवेना. उलट त्याच्या पाया पडावंसं वाटलं. तोही बघत राहिला, मग हसून म्हणाला, "मैं तो समझा था, कोई राक्षस होगा." माणसाच्या नुसत्या चेहऱ्यात एवढी ताकद असते, हे मला चाळिशीत कळलं.

आता खरं लिहितो.

माझ्या नीताची शाळा तू बंद केलीस, असं गावाकडून आलेल्या एकाने सांगितलं, आणि मी लगेच कॅसेट भरून दिवाळीला घरी पाठवली. खोलीत एकटा, समोर टेपरेकॉर्डर. तू बहीण नाहीस, वैरीण आहेस, म्हणालो. आणखी जे बोललो ते हाताने लिहवत नाही. पोरीला विषमज्वर झाला होता म्हणून शाळा बंद होती आणि महिनाभर तू तिच्या उशाशी बसली होतीस, हे मला ठाऊक नव्हतं. पण माझी कॅसेट आली की सगळी आळी आमच्या ओट्यावर ऐकायला जमते, हे तर ठाऊक होतं ना? रागात तेही विसरलो. तू सगळ्यांना चहा देत होतीस म्हणे. ट्रे खाली ठेवून निघून गेलीस.

काल माफीची कॅसेट भरायला बसलो. तुझा फोटो समोर ठेवला आणि आधीच्या कॅसेटमधले तेच वाईट शब्द पुन्हा बोलायला गेलो. एकही फुटेना. नुसता फोटो गं, अक्का! तू स्वतः समोर असतीस तर?

म्हणून कॅसेट पाठवत नाही. चैत्रात रजा मंजूर झाली आहे. सत्यभामा त्याच माणसांना त्याच ओट्यावर चहाला बोलावणार आहे. त्यांच्यादेखत मी तुझ्या पायाशी बसेन. तुला काय बोलायचं ते माझ्या तोंडाकडे बघून बोल. हवं तर मार. पण ये.

तुझ्यासमोर ज्याने कधी मान वर केली नाही, तो तुझा
धोंडीराम