बुलेटचा नंबर

७ जानेवारी १९७४, सोमवार

यांचा नंबर लागला!

दुपारी शोरूमचा माणूस सायकलवर आला. दारातूनच विचारलं — "मधुसूदन मेश्राम इथंच राहतात ना? त्यांच्या बुलेटचा नंबर लागला." मामाजी ओट्यावर बसले होते. माझे सासरे, यांचे वडील. आत्याबाई, माझ्या सासूबाई, आत कणीक मळत होत्या, त्यांचे हात थांबलेले मला कळले. मीच पुढे झाले. म्हटलं, ते नाहीत. "कधी येतील?" म्हणाला.

मी सांगितलं. पावसाळ्यात कावीळ झाली, पंधरवडाही काढला नाही.

तो बिचारा सायकलचं हँडल धरून उभाच. मग हळूच म्हणाला, "मग वारसाची सही लागंल बाई. बायको असंल तं बायकोची. या महिन्याअखेर या, नाही तं नंबर पुढच्याले जाते."

लग्नाच्याही आधी नोंदवलेली गाडी. किती वाट पाहिली यांनी! अन् आली कधी, तर आता.

९ जानेवारी

रुपराव भाऊजी बोलले शेवटी. दोन दिवस मनात घोळवत असावेत. "वहिनी, तुम्ही सही करून द्या. भाऊची गाडी आहे, घरातच राहीन. मी चालवतो."

आत्याबाई लगेच म्हणाल्या, "व्हय, बरोबर आहे. पोराची निशाणी आहे ते. बाहेर कायले जाऊ द्याची?"

मी हो म्हणणारच होते. तोंडात शब्द आला होता. तेवढ्यात मामाजी म्हणाले, "नंबर तिचा आहे. तिले विचार करू द्या."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी भाजीचं भांडं उचलून आत गेले.

१५ जानेवारी

कालपासून आकाशात नुसत्या पतंगी. गल्लीतली पोरं ओरडून राहिली आहेत. आणि आज जिल्हा परिषदेचा हुकूम आला — शिक्षिकेची जागा मिळाली! जूनपासून. शाळा शहरापासून लांब, कुही गावाच्या पुढल्या एका खेड्यात.

आनंद झाला. खरंच झाला. यांनीच मला डी.एड.ला घातलं होतं. आधी डोळे भरले, मग हसू आलं, मग पुन्हा डोळे भरले.

पण संध्याकाळी हिशेब पाहिला तर — एस.टी. कुहीपर्यंतच. तिथून पायी. परतीची गाडी शाळा सुटायच्या आधीच निघून जाते. आत्याबाई म्हणाल्या, "नोकरी कर, मी नाही म्हणत नाही. पण तरणी विधवा बाई खेड्यात एकटी राहाची नाही. सांजेले घरी पाहिजे." त्यांचंही चुकत नाही. आमच्या वस्तीत कोण काय बोलेल, ते त्यांनाच ऐकावं लागेल.

म्हणजे नोकरी आहे अन् नाही.

१६ जानेवारी

मामाजींनी आज जेवताना विचारलं, "मोटारसायकल शिकशील काय वं?"

मीठ मागावं तसं विचारलं!

लढाईच्या काळात ते फौजेत होते. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर निरोप पोचवायला मोटारसायकल चालवायचे, एवढं यांच्याकडून ऐकलं होतं. मामाजी स्वतः त्यातलं कधी काही सांगत नाहीत. तिथून आल्यावर त्यांनी गाडीला हात लावला नाही. जन्मभर गोदामाची नोकरी सायकलवर केली.

मी म्हटलं, मला सायकलसुद्धा धड येत नाही मामाजी.

"मले बी येत नव्हती," म्हणाले. अन् भाकरीचा तुकडा मोडला.

२७ जानेवारी, रविवार

शोरूममध्ये जाऊन आलो. काच, पंखा, आणि मधोमध ती. काळी, टाकीवर सोनेरी रेघा. यांनी खाटेवर बसून किती वेळा दाखवलं होतं मला — असं हँडल, अशी किक, अन् तू अशी मागं बस, फक्त घट्ट धर.

मामाजी म्हणाले, बसून पाह्य. मी बसले. पायाची बोटं तेवढी जमिनीला टेकली, टाचा नाही. स्टँडवरून काढली तर सगळा भार माझ्या अंगावर! शोरूमवाल्याने मागून धरली. सगळं बोलणं तो मामाजींशीच करत होता. ॲव्हरेज किती, सर्व्हिस कधी. गाडीवर मी बसले होते, पण मला त्याने फक्त एवढंच विचारलं — "भीती वाटते का?"

वाटते. पण म्हटलं, "नाही."

सही केली नाही. मुदत वाढवून मागितली, मालकाने दिली. यांना ओळखत होता तो. दर महिन्याला जाऊन विचारायचे म्हणे, नंबर कुठवर आला.

३ फेब्रुवारी, रविवार

मधुकरराव शेजारी. त्यांची जुनी बुलेट आहे. मामाजींनी मागून घेतली. आमच्या सक्करदऱ्याच्या तलावाकाठी, मैदानावर नेली. भाऊजीही आले.

मामाजी बसले आधी. मी पाहतच राहिले! पाठ ताठ, मान ताठ, वय कुठल्या कुठे गेलं. एक फेरी मारून उतरले आणि तलावाकडे तोंड करून उभे राहिले. लढाई आठवली असावी. मी दुसरीकडे पाहिलं.

मग मी. क्लच सोडला की उडी मारते. दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली — निघाली! — आणि वळवताना पडली. मी बाजूला फेकले गेले, पण पोटरी सायलेन्सरला लागली. चर्रकन.

त्याहून वाईट पुढेच. उठले, गाडी उचलायला गेले. हँडल धरलं, जोर लावला, पुन्हा लावला. जागची हलेना. धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून पाहत होत्या. शेवटी भाऊजींनी एका दमात उभी केली. म्हणाले, "वहिनी, हे तुमचं काम नाही." टोमणा नव्हता. खरंच काळजीने म्हणाले.

पोटरीला बर्नॉल लावलं आहे. आत्याबाईंना सांगितलं नाही.

४ फेब्रुवारी

आत्याबाईंनी पाहिलंच. रात्रीच्या भाकरी त्यांनीच टाकल्या, मला चुलीजवळ येऊ दिलं नाही.

१७ फेब्रुवारी

मामाजींनी आज दुसरी गाडी आणली, त्यांच्या ओळखीच्या मास्तरांची राजदूत. दिसायला काही खास नाही. खेड्यातले दूधवाले दोन्ही बाजूंना कॅन टांगून चालवतात, तीच.

मला वाटलं, बसायला सांगतील. त्यांनी मैदानावर नेली आणि सरळ आडवी केली, जमिनीवर. म्हणाले, "उचल."

"काय?"

"उचल म्हंतो. कुहीच्या रस्त्यानं पडली तं रुपराव येनार आहे काय उचलाले?"

पहिल्यांदा नाही झालं. मग त्यांनी पाठ गाडीकडे कशी करायची, गुडघ्यात कसं वाकायचं ते दाखवलं. पुन्हा लावला जोर. उठली! डुगडुगली, पण उठली, आणि मी धरून उभी राहिले. पाय पूर्ण टेकले होते. दोन्ही.

केवढ्याने ओरडले मी! अशी ओरडल्याला किती दिवस झाले?

१८ फेब्रुवारी

आज मन थाऱ्यावर नाही.

राजदूतला नंबर लागत नाही. पैसे द्या, आठवड्यात घेऊन जा. अन् यांच्या नोकरीच्या फंडाचे पैसे एकाच गाडीपुरते, म्हणजे राजदूत घ्यायची तर यांचा नंबर सोडायचा. एवढी वर्षं सांभाळलेला नंबर मी एका सहीने सोडायचा?

बुलेट घेतली तर यांचं काहीतरी घरात राहील. ओट्यासमोर उभी राहील. आत्याबाई पुसतील तिला, मला ठाऊक आहे, रोज पुसतील. पण मी चालवू शकणार नाही. कितीही शिकले तरी एकटीने नाही. मग नोकरी गेली.

आणि एक गोष्ट सकाळपासून डोक्यातून जात नाही. इथेच लिहिते, कोणाला सांगायची नाही. यांच्या बुलेटवर माझी जागा मागची होती. ते असते तर मी आनंदाने बसले असते, जन्मभर. पण पुढे बसणारं आता कोणी नाही. मागे बसून मी कुठे जाणार?

२२ फेब्रुवारी

सही केली. नंबर रुपराव भाऊजींच्या नावावर, बुलेटचे पैसे ते भरतील. मालक म्हणाला, घरातल्या घरात होतं, अडचण नाही. माझ्यासाठी राजदूत, यांच्या फंडातून.

मी नंबर देईन असं भाऊजींना वाटलं नव्हतं. शोरूमच्या बाहेर आल्यावर म्हणाले, "वहिनी, मी गाडीसाठी मागत नव्हतो —" रस्त्यातच रडायला लागले. यांच्या मयतीत एक टिपूस काढलं नव्हतं त्यांनी. सगळी धावपळ करत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. लोक पाहत होते. पाहू देत.

२३ फेब्रुवारी

आत्याबाई बोलत नाहीत. सकाळी एवढंच — "पोराचा नंबर सोडला तुनं." वर पाहिलं नाही.

मी काय सांगू? नंबर घरातच आहे, गाडी घरातच येणार आहे, हे सगळं खरं. पण त्यांचं म्हणणंही खरं. सोडला मी.

१० मार्च

राजदूत आली. मामाजींनी बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावली, मग गाडीची चावी माझ्या हातात दिली. आत्याबाई आतच होत्या.

१७ मार्च

शिकणं सुरू. रोज सकाळी मैदान. वळताना अजून भीती वाटते.

७ एप्रिल

आज मोठं संकट टळलं. साडीचा पदर मागच्या चाकात गेला. हळू होते म्हणून वाचले. मामाजींनी धावत येऊन किल्ली बंद केली. साडी कापून काढावी लागली. चिंध्या घेऊन घरी आले.

आत्याबाईंनी त्या चिंध्या पाहिल्या. हातात घेतल्या, खाली ठेवल्या.

८ एप्रिल

अंघोळ करून आले तर खाटेवर लुगडं. नऊवारी, हिरवं, घडी न मोडलेलं. आत्याबाई दारात उभ्या. किती दिवसांनी बोलल्या माझ्याशी!

"पाचवारी चाकात जाते. हे नेस. कासोटा मी घालून देतो, तुले नाही जमाचा."

कासोटा घालताना त्यांचे हात जोरात ओढत होते. रागाने की कसं, कळलं नाही. गाठ मारून झाल्यावर म्हणाल्या, "पाय मोकळे झाले काय? चालून पाह्य." मी चालून दाखवलं. "मंग जा. ऊन व्हाच्या आत ये."

मैदानावर आज एकदाही पाय टेकला नाही.

६ मे, बुद्धजयंती

वस्तीतून मिरवणूक. सगळे पांढऱ्या कपड्यांत. पुढे दोन मोटारसायकली — एकीवर रुपराव भाऊजी, यांची बुलेट घेऊन. गेल्या आठवड्यातच आली. दुसरीवर मी! समितीच्या लोकांनी आधी कां-कूं केलं, मग कुसुमताईंनी, महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी, एकच विचारलं, "काहून नाही?" मग त्यांनीच मला पुढे घेतलं.

बुलेटचा आवाज ऐकून मला वाटलं होतं, सोसवणार नाही. सोसवला. शेजारून चालला होता तो आवाज, माझ्या गाडीच्या आवाजात मिसळून.

आत्याबाई गर्दीत कुठे होत्या दिसलं नाही.

२१ मे

लायसन्स मिळालं! इन्स्पेक्टरने आठचा आकडा काढायला लावला, मग पुन्हा लावला. बाकीच्यांना एकदाच. मी दोन्ही वेळा काढला. तो म्हणाला, "बाई, कुठे जाणार गाडीवर?" म्हटलं, शाळेत.

उन्हाने जीव नकोसा झाला आहे. पण आज काही नाही वाटलं.

९ जून, रविवार

कुहीचा रस्ता पाहून आलो. मी चालवत, मामाजी मागे. दुतर्फा धानाची शेतं, आता कोरडी, नुसती ढेकळं. डांबर संपल्यावर धूळ. एका ठिकाणी घसरले, सावरले. मागून मामाजींनी खांद्यावरचा हातसुद्धा घट्ट केला नाही.

शाळा पाहिली. दोन खोल्या, कडुनिंब, भिंतीवर बाराखडी. हातपंप चालू आहे. मला आवडली. खूप आवडली! मी तिथे बसून वेळेचा हिशेब करत होते. शाळा सुटल्यावर लगेच निघायचं, दिवे लागायच्या आत सक्करदरा. आत्याबाईंना जेवायला थांबावं लागणार नाही. जमेल. अगदी जमेल.

परतताना मामाजी कुहीत म्हणाले, "तू थांब इथं, मी एकाले भेटून येतो." बराच वेळ लागला त्यांना. कोणाला भेटले, विचारलं तर म्हणाले, जुनी ओळख.

२३ जून, रविवार

परवा शाळा.

मामाजींनी कुहीत माझ्यासाठी खोली घेतली आहे. एका मास्तरांच्या घरात, वेगळं दार असलेली. त्या दिवशी त्यासाठीच गेले होते. आज सांगितलं.

मी म्हटलं, पण मी रोज घरी येणार आहे ना? त्यासाठीच तर गाडी शिकले!

म्हणाले, "मी तुले परत याले नाही शिकवलं, पोरी. जाले शिकवलं. चोवीस वर्षांची आहेस तू. आम्हा बुढ्यांच्या भाकरी थापत बसशील काय जन्मभर? कोणी चांगला मानूस भेटला तं मले येऊन सांगजो. लगन मी लावून देतो, बाप म्हणून."

आत्याबाई सांजेले घरी पाहिजे म्हणतील, असं वाटलं मला. वाट पाहिली मी त्याची. त्या आतून माझी ट्रंक घेऊन आल्या. भरलेली होती.